अपग्रेडनंतर जुनं उपकरण बंद, अडवलेलं मॉड्यूल परत हजर: लिनक्समधल्या वापराबाहेरच्या कोडचा बंदोबस्त

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमची अडचण यात बसते का ते लगेच कळेल.

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात तुम्ही डेबियन या लिनक्स वितरणाच्या १२ वरून १३ वर गेलात आणि कपाटातल्या जुन्या नेटवर्क स्विचला एसएसएचने (दुरून सुरक्षितपणे लॉगिन करण्याचं साधन) शिरताच येईना. किंवा सुरक्षा तपासणीच्या अहवालात दरवेळी त्याच कर्नेल मॉड्यूलांची (लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, लागेल तेव्हा चढणारे कोडचे तुकडे) नावं येतात, तुम्ही ती ब्लॅकलिस्ट करता, म्हणजे न चढवण्याच्या यादीत टाकता, आणि पुढच्या अहवालात ती पुन्हा तिथंच. किंवा उन्हाळ्यात सर्व्हरची साफसफाई करून ठेवली, नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला, उसाच्या गाड्या काट्यावर लागल्या आणि वजनाचा आकडा संगणकावर येईना.

तक्रारी तीन असल्या तरी मूळ एकच आहे. सिस्टीममध्ये असा कोड पडून असतो की जो कोणी वापरत नाही असं कोणीतरी गृहीत धरलेलं असतं. कधी ते गृहीतक बरोबर असतं आणि कोड काढायला उशीर झालेला असतो. कधी ते चूक असतं आणि कोड घाईने निघालेला असतो. म्हणून उपाय करण्याआधी आपण यातल्या कुठल्या बाजूला आहोत ते ठरवा. खाली तिन्ही तक्रारींचं निवारण आहे, पण "वापरात नाही" हे ठरवण्याच्या मधल्या भागावर मी जास्त थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथंच होताना दिसतं.

पडून असलेल्या कोडने बिघडतं काय?

"वापरत नाही ना, मग असू दे की" असं बरेच जण म्हणतात. डीसीसीपी या नेटवर्क प्रोटोकॉलचं उदाहरण घ्या. तो २००५ साली कर्नेल २.६.१४ मध्ये आला. सांगलीतच काय, बहुतेक जगात कोणाला तो लागला नाही. पण अनेक वितरणांत त्याचं मॉड्यूल तयार करून दिलेलं असायचं, आणि एखाद्या साध्या वापरकर्त्याच्या प्रोग्रामने त्या प्रकारचं सॉकेट मागितलं की कर्नेल ते मॉड्यूल आपणहून चढवायचं. त्यासाठी रूटचा, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी खात्याचा, अधिकार लागत नव्हता. २०१७ च्या फेब्रुवारीत त्यात एकच मेमरी दोनदा मोकळी करण्याची चूक सापडली; सुरक्षा-दोषांच्या यादीत तिचा क्रमांक सीव्हीई-२०१७-६०७४. साध्या खात्यावरून रूट होता येत होतं. म्हणजे ज्यांनी आयुष्यात हा प्रोटोकॉल वापरला नाही, त्यांच्याच यंत्रांना धोका होता.

क्यूईएमयू या आभासी यंत्रं चालवणाऱ्या प्रोग्राममधला व्हेनम हा दोषही असाच. त्यातला फ्लॉपी कंट्रोलरचा कोड २००४ पासूनचा, दोष उघड झाला मे २०१५ मध्ये. आभासी यंत्राला फ्लॉपी जोडलेली नसली तरी कंट्रोलरचा कोड जिवंतच असायचा, आणि त्यातून आतल्या यंत्रातला माणूस बाहेरच्या यंत्रापर्यंत पोचू शकत होता. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतला हार्टब्लीड हा दोष उघड झाल्यावर ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या लोकांनी तिचा फाटा काढून लिब्रेएसएसएल सुरू केलं, तेव्हा पहिल्या आठवड्यातच सी भाषेच्या ९०,००० हून जास्त ओळी काढून टाकल्या. १६ बिटी विंडोजसारख्या प्लॅटफॉर्मसाठीचा कोड त्यात तोवर बसून होता.

तेव्हा साफसफाई हवीच, यात मला शंका नाही. प्रश्न क्रमाचा आहे.

अडवलेलं मॉड्यूल परत का येतं?

ब्लॅकलिस्ट ओळीचा अर्थ नीट समजून घ्या. ती फक्त उपनावाने येणारी वाट बंद करते. उपकरण जोडलं, कर्नेलने त्याचा ओळखक्रमांक जाहीर केला, युडेव या उपकरणं सांभाळणाऱ्या सेवेने त्या क्रमांकाला जुळणारं मॉड्यूल मागितलं, तर ब्लॅकलिस्ट ते अडवते. पण एखाद्या स्क्रिप्टने थेट नाव देऊन मॉडप्रोब (मॉड्यूल चढवणारी आज्ञा) चालवलं, किंवा दुसऱ्या एखाद्या मॉड्यूलला हे मॉड्यूल आधी लागत असलं, तर ब्लॅकलिस्ट विचारातच घेतली जात नाही. तुमच्या अहवालात नाव परत दिसण्याचं हे पहिलं कारण.

त्यावर उपाय म्हणजे इन्स्टॉल ओळ. इटीसी या सेटिंगच्या डिरेक्टरीतल्या मॉडप्रोब-डी डिरेक्टरीत स्वतःची वेगळी फाइल करा, तिचा शेवट डॉट कॉन्फने झाला पाहिजे. त्यात एका ओळीवर इन्स्टॉल हा शब्द, मग मॉड्यूलचं नाव, मग बिन डिरेक्टरीतल्या फॉल्स प्रोग्रामचा पूर्ण मार्ग लिहा. आता कोणीही ते मॉड्यूल मॉडप्रोबकडे मागितलं की फॉल्स चालतो आणि मॉड्यूल चढत नाही. खात्री करायला मॉडप्रोबला कोरड्या चालीचा आणि सविस्तर उत्तराचा पर्याय देऊन, म्हणजे डॅश एन आणि डॅश व्ही लावून, त्या मॉड्यूलचं नाव द्या. उत्तरात फॉल्सचा मार्ग दिसला पाहिजे. रूटने इन्समॉड वापरून फाइल थेट चढवली तर हीही ओळ आड येत नाही. पण रूटच शत्रू झाला असेल तर तो वेगळा विषय.

दुसरं कारण इनिट्रॅमएफएस. बूट होताना जी छोटी फाइलसिस्टीम आधी उघडते, तिच्यात मॉडप्रोबच्या सेटिंगची जुनी प्रत असते. तुम्ही इटीसीत बदल केला आणि अपडेट-इनिट्रॅमएफएस चालवलं नाही, तर सुरुवातीच्या टप्प्यात जुनाच नियम लागतो. फेडोरा किंवा रॉकी असेल तर तिथं त्याच कामाचं ड्रॅकट सक्तीच्या पर्यायासह चालवा. बूट डिरेक्टरीत दोन-तीन कर्नेल ठेवले असतील तर सगळ्यांसाठी चालवा. नाहीतर जुन्या कर्नेलने यंत्र उठवलं त्या दिवशी तक्रार परत येईल.

तिसरं कारण पॅकेजची फाइल. लिब डिरेक्टरीतल्या पॅकेजच्या फाइलमध्ये बदल केला असेल तर पुढचं अपग्रेड तो पुसून टाकतं. इटीसीतल्या फाइलबद्दल डीपीकेजी (डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन) विचारतं, पण घाईत "पॅकेजवाल्याची नवीन आवृत्ती घ्या" असं उत्तर दिलं जातं. म्हणून स्वतःची वेगळी फाइल करायला सांगितलं. तिला कुठलंही पॅकेज हात लावत नाही.

काही मॉड्यूलं मात्र कोणीतरी मुद्दाम बोलावलेली असतात. बऱ्याच डेबियन यंत्रांवर मॉड्यूल्स-लोड-डी डिरेक्टरीत कप्स-फिल्टर्स या छपाईच्या पॅकेजची फाइल सापडेल. ती पॅरलल पोर्टची मॉड्यूलं बूटवेळी चढवते. विश्रामबागेतल्या एखाद्या ऑफिसच्या नव्या संगणकावर पॅरलल पोर्टच नाही, तिथं त्या ओळींपुढे हॅश टाका आणि मोकळे व्हा. मार्केट यार्डातल्या हळदीच्या आडतीवर त्याच पोर्टावर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर लागलेला असेल आणि शेतकऱ्याची पट्टी त्यावरच छापून निघत असेल, तर तिथं तीच मॉड्यूलं कामाची. एका यंत्रासाठी तयार केलेली यादी सगळ्या यंत्रांवर आंधळेपणाने ढकलू नका.

इथं उबंटू २२.०४ ची एक अडचण नोंदवतो, कारण काटेवाल्यांना ती फार छळते. सीएच३४० चिपचा यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर जोडला की क्षणभर पोर्ट दिसतो आणि गायब होतो. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नेलच्या संदेशांत, बीआरएलटीटीवायचं नाव दिसेल. ब्रेल डिस्प्ले चालवणारा हा प्रोग्राम १ए८६:७५२३ या ओळखक्रमांकाचं उपकरण आपलं समजून ताब्यात घेतो, कारण काही ब्रेल डिस्प्लेंमध्येही तीच चिप असते. सगळीकडे एकच सल्ला मिळतो: पॅकेज काढून टाका. काढण्याआधी त्या यंत्रावर कोणी दृष्टिहीन माणूस काम करतो का ते विचारा. करत असेल तर त्या युडेव नियमाच्या फाइलची प्रत त्याच नावाने इटीसीतल्या युडेवच्या नियमांच्या डिरेक्टरीत ठेवा आणि त्या प्रतीत तेवढ्या एका क्रमांकाची ओळ बंद करा. त्या माणसाचा डिस्प्ले याच चिपचा असेल, तर मात्र काट्यासाठी वेगळ्या चिपचा कन्व्हर्टर आणा.

"वापरात नाही" हे ठरवायचं कसं?

चढलेल्या मॉड्यूलांची यादी देणाऱ्या एलएसमॉडच्या तिसऱ्या स्तंभात शून्य दिसलं की मॉड्यूल निरुपयोगी, असं समजणारे खूप आहेत. तो आकडा फक्त संदर्भ मोजतो. अनेक नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर पूर्ण जोमात चालू असतानाही तिथं शून्य दाखवतात. त्या आकड्यावर निर्णय घेऊ नका.

एकदाच पाहून ठरवणं याहून धोक्याचं. जूनमध्ये कारखान्याच्या सर्व्हरवर एलएसमॉड चालवा. काट्याचा कन्व्हर्टर कपाटात आहे, त्यामुळे यूएसबी-सिरियलचं एकही मॉड्यूल यादीत नाही. त्या यादीवरून कर्नेलच्या लोकलमॉडकॉन्फिगने (यादीतली मॉड्यूलंच ठेवणारा बांधणीचा पर्याय) नवीन कर्नेल बांधलात, तर ते ड्रायव्हर कर्नेलमधून पूर्ण वगळले जातात. पहिली गाडी काट्यावर चढेपर्यंत कोणाच्या ते लक्षातही येत नाही, आणि तेव्हा मागे रांग लागलेली असते.

आपल्या भागात संगणकाचं काम हंगामाने चालतं. नोव्हेंबर ते मार्च गाळप. जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत हळदीचे सौदे. मार्चअखेर हिशेब. जुलै-ऑगस्टला कृष्णेचं पाणी. म्हणून मोजमाप निदान एका पूर्ण वर्षाचं हवं. सिस्टीमडीचा एक टायमर करा, तो दर तासाला एलएसमॉडमधली नावं एका फाइलीत आधीच्या नावांत मिळवेल. मॉडप्रोब्ड-डीबी नावाचं तयार साधनही हेच करतं, आणि लोकलमॉडकॉन्फिगला एलएसमॉड या चलातून त्याची फाइल देता येते. वर्षभरात जे नाव एकदाही आलं नाही, त्याबद्दल मग बोलता येईल.

प्रोग्रामांसाठी शेवटच्या वाचनाची वेळ पाहता येते. रिलेटाइम हा माउंटचा पर्याय कर्नेल २.६.३० पासून आपोआप लागतो आणि तो ही वेळ जास्तीत जास्त २४ तासांच्या फरकाने नोंदवतो, आपल्या कामाला तेवढं पुरतं. फक्त फाइली उघडून वाचणारा बॅकअप किंवा व्हायरस स्कॅनर चालत असेल तर तो सगळ्यांचीच वेळ ताजी करून ठेवतो, तेवढं तपासा. माउंटवर नोएटाइम लावलं असेल तर ही वाट बंदच.

हे झालं यंत्राचं. स्वतः लिहिलेल्या किंवा सांभाळत असलेल्या प्रोग्रामबद्दल आणखी काळजी लागते. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पाणीपातळी वाचून संदेश पाठवणारा प्रोग्राम डोळ्यांसमोर आणा. इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५ फूट. ज्या वर्षी पाणी तिथवर चढलं नाही, त्या वर्षी जीकॉव्ह या कोणत्या ओळी चालल्या ते मोजणाऱ्या साधनाचा अहवाल सांगेल की त्या फांदीतल्या ओळी एकदाही चालल्या नाहीत. ऑगस्ट २०१९ सारखा पूर आला की बाकी सगळा प्रोग्राम गौण आणि त्याच ओळी महत्त्वाच्या. कव्हरेज शून्य असणं आणि कोणत्याही वाटेने तिथवर पोचताच न येणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या प्रकारच्या कोडला चाचणी लिहा. काढायचा तो दुसऱ्या प्रकारचा.

दुसरा प्रकार ओळखायला सीपीपीचेक या कोड तपासणाऱ्या साधनाचा न वापरलेल्या फंक्शनांचा तपास आणि कंपायलरचे इशारे उपयोगी पडतात, पण त्यांना सगळं दिसत नाही. फंक्शन पॉइंटरमधून होणारा कॉल, नाव मजकुरातून जोडून केलेला कॉल, दुसऱ्याच प्रोसेसरसाठी बांधताना चालू होणारा भाग, हे त्यांच्या नजरेतून निसटतं. म्हणून कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटच्या ग्रेप आज्ञेने नाव सगळ्या रिपॉझिटरीत शोधा, कॉन्फिग फाइली, डॉक्युमेंटेशन आणि शेल स्क्रिप्टसुद्धा. मग गिट लॉगला मोठ्या एसचा पर्याय देऊन ते नाव कधी आलं आणि शेवटचा कॉल कुठल्या कमिटने (गिटमध्ये नोंदलेल्या बदलाने) काढला ते पाहा. तो कमिट सापडला की निम्मं काम झालं, कारण कोड निरुपयोगी का झाला हे तिथं लिहिलेलं असतं. सापडला नाही तर थांबा.

काढताना एका कमिटमध्ये एकच गोष्ट काढा. त्याच कमिटमध्ये मोकळ्या जागा नीट करणं, नावं बदलणं नको. उद्या गाळपात अडचण आली तर तेवढा एक कमिट उलटवून दहा मिनिटांत काम चालू करता आलं पाहिजे. आणि कोड कॉमेंट करून ठेवू नका. कॉमेंटमधला कोड बांधला जात नाही, तपासला जात नाही, आणि नव्या माणसाला वाटतं की त्यात काही तरी मोलाचं असेल. गिटमध्ये तो आहेच.

क्रम असा ठेवा की आधी इशारा, मग आपोआप बंद पण मागितल्यास चालू, आणि शेवटी काढणं. डीसीसीपी काढतानाही इशारा आधी दिला गेला. २०२३ मध्ये सॉकेट उघडलं की लॉगमध्ये २०२५ साली काढणार असल्याची सूचना यायला लागली, आणि २०२५ च्या ६.१६ कर्नेलमधून तो खरंच निघाला. ओपनएसएसएच या एसएसएचच्या नेहमीच्या प्रोग्रामने डीएसए या जुन्या प्रकारच्या कीसाठी याहून मोठा अवधी दिला: २०१५ मध्ये ७.० ने आपोआपचा वापर बंद केला, २०२४ मध्ये ९.८ ने बांधणीतच बंद ठेवला, एप्रिल २०२५ मध्ये १०.० ने कोड काढला.

मूळ प्रकल्पातूनच काढलं गेलं, आता काय?

कुपवाडच्या त्या स्विचची अडचण इथं सुटते. तो फक्त डीएसए की ओळखत असेल तर डेबियन १३ चा नेहमीचा एसएसएच त्याच्याशी बोलणार नाही, आणि सेटिंगमध्ये कितीही ओळी घातल्या तरी नाही, कारण कोडच गेला आहे. ओपनएसएसएच-क्लायंट-एसएसएच१ हे पॅकेज टाका आणि त्यातली एसएसएच१ ही आज्ञा फक्त त्या स्विचसाठी वापरा. शक्य असेल तर तो स्विच वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे वेगळ्या आभासी नेटवर्कवर ठेवा.

३२ बिटी संगणकांचा प्रश्न ऑगस्ट २०२५ पासून वाढला. डेबियन १३ मध्ये आय३८६ साठी कर्नेलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही, आणि अशा यंत्रांनी १३ वर जाऊ नये असं प्रकाशन-टिपणात स्पष्ट लिहिलं आहे. तरी आधी एलएससीपीयू चालवून पाहा. प्रोसेसर ६४ बिटी असून फार पूर्वी कोणीतरी ३२ बिटी सिस्टीम टाकलेली, असं जुन्या ऑफिसांत सर्रास आढळतं. तसं असेल तर डेटा काढून घ्या आणि ६४ बिटी नव्याने टाका. प्रोसेसरच ३२ बिटी असेल तर १२ वर थांबा आणि यंत्र बदलायचा खर्च पुढच्या अंदाजपत्रकात मांडा.

रायझरएफएस या जुन्या फाइलसिस्टीमवर डेटा असेल तर उशीर करू नका. २०२२ मध्ये ५.१८ ने त्याला कालबाह्य ठरवलं, जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ६.१३ मधून तो निघाला. जुन्या कर्नेलच्या लाइव्ह यूएसबीने यंत्र उठवा, डिस्क फक्त वाचनासाठी माउंट करा, डेटा एक्स्ट४ वर उतरवा.

डॉट मॅट्रिक्सवाल्यांनी घाबरायचं कारण आज तरी नाही. छपाई सांभाळणाऱ्या कप्सच्या २.४ मध्ये प्रिंटर जोडताना ड्रायव्हर कालबाह्य असल्याचा इशारा येतो, पण छपाई होते. ३ ची मालिका पीपीडी, म्हणजे प्रिंटरचं वर्णन देणाऱ्या फाइली घेणार नाही, तेव्हा ओपनप्रिंटिंगचं लेगसी प्रिंटर अॅप्लिकेशन मधे बसवावं लागेल. ते जुने ड्रायव्हर नव्या पद्धतीच्या प्रिंटरसारखे पुढे मांडतं. हंगाम नसताना एका यंत्रावर ते आताच चालवून पाहा, पट्टीच्या कागदाचं माप नीट धरतं का ते बघा.

आपला वापर वर पोचवणं

कोड काढायचा निर्णय घेणाऱ्यांना मार्केट यार्डातला प्रिंटर दिसत नाही. त्यांना दिसते फक्त आलेली नोंद. २०१९ मध्ये कर्नेलमधला फ्लॉपी ड्रायव्हर अनाथ म्हणून नोंदला गेला होता, कारण चाचणीला चालतं यंत्रच सांभाळणाऱ्यांकडे उरलं नव्हतं. नंतर एकाने जबाबदारी घेतली आणि तो ड्रायव्हर राहिला. याउलट इटॅनियम या प्रोसेसर-प्रकाराच्या कोडला २०२१ मध्ये अनाथ ठरवलं, सांभाळायला पुढे कोणी टिकलं नाही, आणि जानेवारी २०२४ च्या ६.७ मध्ये तो काढलेला होता.

डेबियन टाकताना इन्स्टॉलर पॉप्युलॅरिटी-कॉन्टेस्टबद्दल विचारतो आणि उत्तर आधीच "नाही" वर ठेवलेलं असतं. हंगामी यंत्रांवर ते "हो" करा. कोणतं पॅकेज बसवलेलं आहे आणि अलीकडे वापरलं गेलं का, एवढीच माहिती त्यातून निनावी जाते. बंद हंगामात तुमची पॅकेजं "जुनी" या रकान्यात मोजली जातील, पण मोजली तरी जातील.

कर्नेलच्या बाबतीत मूळ कोडमधली मेंटेनर्स फाइल उघडा आणि तुमच्या ड्रायव्हरची स्थिती पाहा. तिथं अनाथ किंवा कालबाह्य असं लिहिलेलं असेल, तर गेट-मेंटेनर स्क्रिप्टला ती फाइल देऊन कोणाला लिहायचं ते काढा. इंग्रजी साधी असली तरी चालते. पत्रात उपकरणाचा ओळखक्रमांक, कर्नेलची आवृत्ती, डीमेसेजमधल्या त्या ड्रायव्हरच्या ओळी, वर्षातले कोणते महिने ते चालतं आणि बदल तपासून द्यायला तुमच्याकडे चालतं यंत्र आहे का, एवढं लिहा. शेवटचा मुद्दा विसरू नका. ड्रायव्हर ठेवायचा की काढायचा हे बऱ्याचदा चाचणी करून देणारं कोणी आहे का यावरच ठरतं.